हाँगकाँगमध्ये एकच दिवस मिळतोय, आईबाबा सोबत आहेत, काय काय बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरमध्ये सकाळी साडेसहाला उतरणार, रात्री साडेअकराला पुढची फ्लाइट, आईबाबा सत्तरीच्या घरातले, दोघंही पक्के शाकाहारी, आणि यादीत डिस्नेलँड, मोठा बुद्ध, पीक हा डोंगर, म्युझियम, दोन मार्केट असं सगळं आहे. माझं ऐकाल तर डिस्नेलँड आणि बुद्ध आजच कट करा. बुद्ध एअरपोर्टला लागूनच असलेल्या लांताऊ बेटावर आहे म्हणून बरेच जण सुचवतात, आणि केबल कारचा तो प्रवास खरंच सुंदर आहे, पण रांग, केबल कार, मग २६८ पायऱ्या यात अर्धा दिवस जातो आणि आईबाबांचे गुडघेही जातात, आणि ज्या गोष्टीमुळे हे शहर उभं राहिलं ती गोष्ट, म्हणजे हार्बर, बघायचीच राहून जाते. एकच दिवस असेल तर तो सगळा त्या पाण्याच्या आजूबाजूला घालवा: एकदा वरून बघा, एकदा जुन्या किनाऱ्याच्या कडेने जा, आणि दोनदा बोटीने ओलांडा. मी तिथे उतरलो की हेच करतो आणि अजून कंटाळा आलेला नाही.

सगळ्यात आधी कागदपत्रं, कारण यात लोक अडकतात. भारतीय पासपोर्टवर बाहेर पडायचं तर प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, जानेवारी २०१७ पासून हा नियम आहे. ऑनलाइन होतं, फुकट आहे, तिघांचं वेगवेगळं करा आणि त्याची स्लिप प्रिंट करून हातात ठेवा, निघायच्या आधी त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर सध्याचे नियम एकदा बघून घ्या. फॉर्ममधलं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, वडिलांच्या नावाचा घोळ आपल्याकडे नेहमी होतो.

बाहेर आलात की ऑक्टोपस कार्ड घ्या तिघांना. ट्रेन, ट्राम, बस, फेरी, दुकानातली पाण्याची बाटली, सगळीकडे तेच टेकवायचं. शहरात जायला एअरपोर्ट एक्सप्रेस महाग आहे, माणशी शंभर हाँगकाँग डॉलरच्या वर, पण चोवीस मिनिटांत सेंट्रल भागातल्या हाँगकाँग स्टेशनला सोडते. वेळ हातात असता तर मी ए-११ बसच सांगितली असती, वरच्या मजल्यावर पुढे बसलं की चिंग मा पूल काय दिसतो! पण सकाळच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही म्हणून ट्रेनच बरी. हँडबॅगा स्टेशनवर ठेवायची सोय आहे, तिथेच टाका आणि मोकळे व्हा.

पहिल्यांदा पीक, आणि तो सकाळीच. दुपारी आणि संध्याकाळी पीक ट्रामची रांग बघून लोक परत फिरतात, आठ-साडेआठला शांतता असते. ही ट्राम १८८८ पासून चालू आहे, दोराने ओढत वर नेतात, आणि चढ इतका उभा आहे की खिडकीबाहेरच्या इमारती तिरक्या झाल्यासारख्या वाटतात. वर जाताना उजव्या बाजूला बसा, सगळा देखावा तिकडे आहे. वरच्या तिकिटाच्या गच्चीवर पैसे घालवू नका. स्टेशनातून बाहेर पडून लुगार्ड रोड धरा, सपाट रस्ता आहे, गाड्या जवळजवळ नाहीतच, मोठमोठी रबराची झाडं आहेत ज्यांची मुळं कठड्यावरून खाली लोंबतात, आणि पंधरा-वीस मिनिटं रमतगमत गेलं की झाडी एकदम संपते आणि खाली सगळं हार्बर. आईबाबांना इथे थोडा वेळ निवांत उभं राहू द्या. वरून एक गोष्ट कळते जी खाली कधीच कळत नाही, की बेटाच्या बाजूला डोंगर, समोरच्या किनाऱ्यावर काउलून, त्याच्या मागेही डोंगर, आणि मधे ही खोल पाण्याची पट्टी. मोठ्या जहाजांना वादळात आसरा मिळेल अशी जागा. ब्रिटिशांनी १८४१ साली इथे झेंडा लावला तो या पाण्यासाठीच, बेटावर तेव्हा थोडीफार कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची गावं होती. आणि आपल्यासाठी यात एक जड गोष्ट आहे, ज्या अफूवरून तेव्हा ब्रिटिशांचं चीनशी युद्ध झालं ती भारतातूनच जायची, माळव्यातली अफू तर मुंबई बंदरातून. मुंबईतल्या कितीतरी जुन्या श्रीमंतीची मुळं या व्यापारात आहेत, ते तिथे उभं राहून आठवतंच.

उतरताना ट्राम नको, १५ नंबरची डबलडेकर बस घ्या. भाडं पीक ट्रामच्या मानाने किरकोळ, वळणं घेत घेत स्टब्ज रोडने खाली येते, झाडांच्या फांद्या खिडकीला घासत जातात. वान चायला क्वीन्स रोड ईस्टवर उतरा आणि तिथल्या खालसा दिवान गुरुद्वाऱ्यात जा. हा गुरुद्वारा १९०१ चा, ब्रिटिश फौजेतल्या शीख सैनिकांनी उभा केलेला, आणि लंगर चालतो. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. तुमच्या आईबाबांच्या जेवणाचा प्रश्न इथे सुटतो, कारण बाहेर साध्या हॉटेलात भाजी मागितली तरी ऑयस्टर सॉस नाहीतर डुकराची चरबी असू शकते, ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. बौद्ध शाकाहारी रेस्टॉरंट असतात ती चालतील, मशरूम आणि टोफूचे छान प्रकार मिळतात.

जेवण झालं की चालत जॉन्स्टन रोडला या आणि पश्चिमेकडे जाणारी डबलडेकर ट्राम पकडा. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढच्या दाराने आणि तेव्हा कार्ड टेकवायचं, भाडं तीन डॉलरच्या आसपास, कुठेही उतरा. आईबाबांना वर चढता येत असेल तर वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळेपर्यंत एखादी ट्राम सोडा (जिना अरुंद आणि गोल आहे, ट्राम थांबलेली असतानाच चढा). ही ट्राम १९०४ पासूनची. आता नीट बघा, जॉन्स्टन रोड सरळ जात नाही, बाकदार वळतो, कारण हा कधीकाळी समुद्रकिनारा होता! १९२० च्या दशकात पुढे भराव घातला आणि समुद्र लांब गेला. क्वीन्स रोड ईस्टवर हुंग शिंगचं छोटं देऊळ आहे, दर्यावर्दींचा देव, एका मोठ्या खडकाला टेकून बांधलेलं, पूर्वी लाटा त्याच्या पुढ्यात यायच्या आणि आज समोर नुसती दुकानं आणि टॉवर. इतका भराव झाला की शेवटी १९९७ मध्ये हार्बर वाचवायचा कायदाच करावा लागला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण टुरिस्ट लोक चकाचक इमारती बघून जातात आणि त्या कुठल्या जमिनीवर उभ्या आहेत ते बघत नाहीत.

शेउंग वानला उतरलात तर मान मो मंदिर वरच्या बाजूला हॉलिवूड रोडवर आहे, १८४७ चं, छताला टांगलेल्या मोठाल्या उदबत्त्यांच्या गुंडाळ्या जळत असतात आणि आत अंधारात धूर भरलेला असतो. चढ आणि पायऱ्या आहेत, आईबाबा दमले असतील तर सरळ सोडून द्या, काही बिघडत नाही. रविवार असेल तर त्याऐवजी सेंट्रलला एचएसबीसी बँकेच्या इमारतीखाली जा. घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका सुट्टीच्या दिवशी पुठ्ठे अंथरून बसलेल्या असतात, डबे, गप्पा, घरी व्हिडिओ कॉल, कुणी केस कापतंय. फोटो काढत सुटू नका, पण बघा जरूर, हे शहर त्यांच्या कष्टावरही चालतं.

साडेचार-पाचपर्यंत सेंट्रलच्या पियर ७ ला या. स्टार फेरी. दिवसात दुसरं काहीही गळलं तरी चालेल, ही गळता कामा नये. ही सेवा १८८८ साली दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी माणसाने काउलून फेरी कंपनी म्हणून सुरू केली, दहा वर्षांनी तिचं नाव स्टार फेरी झालं. सगळ्या बोटींच्या नावात स्टार आहे, हिरव्या-पांढऱ्या, आणि दोन्ही टोकं सारखी, म्हणजे बोट वळवायचीच नाही, आली तशी उलटी जाते. म्हणून लाकडी बाकांची पाठही इकडची तिकडे ढकलता येते, ज्या दिशेला जायचं त्या दिशेला तोंड करून बसा. बोट धक्क्याला लागताना खलाशांकडे बघा, निळ्या कपड्यातला माणूस लांब काठीच्या आकड्याने जाड दोर पकडतो आणि खुंट्याला अडकवतो, बोट करकरते, धक्का बसतो, फळी धाडकन खाली येते. १९६६ मध्ये हिचं भाडं पाच सेंटने वाढवलं त्यावरून दंगल झाली होती, कारण तेव्हा समुद्राखालचा बोगदा नव्हता (तो १९७२ चा) आणि नोकरीला जाणाऱ्यांचा रोजचा रस्ता हाच. आज मेट्रो तीन-चार मिनिटांत खालून नेते तरी लोक फेरी घेतात, भाडं अजूनही अगदी थोडं आहे. खालच्या डेकला डिझेलचा वास आणि पाणी जवळ, वर मोकळा वारा. जाताना वर बसा, येताना खाली.

पलीकडे चिम शा चुई. उतरल्या उतरल्या जुना घड्याळाचा टॉवर दिसेल, १९१५ चा, रेल्वे स्टेशन पाडलं आणि तेवढाच ठेवला. तिथून किनाऱ्याने बाकं आहेत, आईबाबांना तिथे बसवा. नोव्हेंबरात पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि त्यानंतरचा अर्धा तास, जेव्हा आकाश अजून निळं असतं आणि समोरच्या इमारतींमध्ये मजल्यामजल्याने दिवे लागायला लागतात, तो सोडू नका. आठचा लाइट शो तुमच्या वेळेत बसत नाही आणि मला विचाराल तर त्यासाठी हळहळू नका.

रात्रीचं जेवण नेथन रोडवर चुंगकिंग मॅन्शन्समध्ये. दारात हॉटेल, सिमकार्ड, सूट शिवायचाय का विचारणारे गराडा घालतात, मान हलवून पुढे चला, घाबरण्यासारखं काही नाही. आत भारतीय जेवण मिळतं, शाकाहारी थाळी, गरम पोळी, बाबांना चहा. मग सव्वासातपर्यंत परत धक्क्यावर, खालच्या डेकने सेंट्रलला, स्टेशनवरून बॅगा आणि आठ-सव्वाआठची एअरपोर्ट एक्सप्रेस. पावणेनऊला एअरपोर्टवर असाल.

सकाळी पीकवर ढग बसलेले दिसले तर वर जाण्याचा हट्ट धरू नका, वर पांढऱ्याशिवाय काही दिसणार नाही. त्या वेळात नॉर्थ पॉइंट पाटीची ट्राम धरून पूर्वेला शेवटपर्यंत जा. चुन येउंग स्ट्रीटच्या भाजी-मासळी बाजारातून ती ट्राम अक्षरशः माणसांमधून जाते, घंटा वाजते, लोक पिशव्या सावरत दोन पावलं बाजूला होतात आणि ट्राम गेली की परत रुळावर. आईबाबांना मासळीचा वास सहन होणार नसेल तर खाली न उतरता वरूनच बघू द्या. आणि परत वान चायला येऊन बाकीचा दिवस वर सांगितला तसाच.