गावचं कॉलेज आणि दादरची सभा

दादर, मुंबई

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

आपल्या शिक्षणसंस्थेची सहकार्यवाह म्हणून तुझी निवड झाल्याचं कळलं आणि फार बरं वाटलं. पहिल्या वर्षात कशाकडे लक्ष देऊ, असं तू विचारलंस. कॉलेज गावात आणि त्याचे निर्णय दादरला, हे अंतर कमी करायला लाग. माझ्या मते तुझं मुख्य काम तेच आहे.

हे अंतर कुणी मुद्दाम पाडलेलं नाही. कोकणातल्या कितीतरी शाळा-कॉलेजं मुंबईत गिरणीत, गोदीत, कचेऱ्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांनी पावत्या फाडून उभी केली. त्यामुळे संस्थेचं दप्तर इथे, सभा रविवारी इथे, देणगीदारही इथलेच. त्या माणसांचा मान राख. सभेत कुणी जुन्या आठवणी सांगू लागलं तर ऐकून घे, त्यात संस्थेचा जीव आहे. पण गणपतीत आठ दिवस दिसणारं गाव आणि जुलैच्या पावसात कॉलेज गाठणाऱ्या मुलीचं गाव एक नव्हे, हे त्यांना सांगायची हिंमतही ठेव.

यासाठी कायद्याने तुझ्या हातात एक चांगली गोष्ट दिली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयाला महाविद्यालय विकास समिती नेमावी लागते. पूर्वीच्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी ही आली. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव किंवा त्यांचे प्रतिनिधी तिच्यात असतातच. त्यांच्याबरोबर निवडून आलेले तीन शिक्षक, त्यांत निदान एक महिला, एक शिक्षकेतर कर्मचारी, चार स्थानिक जाणकार, त्यांत एक तरी माजी विद्यार्थी, शिवाय विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही असतात. प्राचार्य सदस्य-सचिव. वर्षातून किमान चार बैठका. अंदाजपत्रक आणि विकास आराखडा इथेच तयार व्हायचा असतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघ. इतिवृत्ताची वही मागवून घे आणि सावकाश वाच. पानामागून पान ‘सर्वानुमते मंजूर’ असेल, एकाही सदस्याचा प्रश्न नोंदलेला नसेल आणि सगळ्या सह्या एकाच पेनाच्या असतील, तर बैठक झालेलीच नाही असं समज. वही फिरली, एवढंच.

एसटीचं उदाहरण घे. प्रॅक्टिकल दुपारी उशिरा ठेवलं की लांबच्या वाडीवरच्या मुलींची परतीची गाडी चुकते. घरचे दोन-चार वेळा ऐकून घेतात, मग सायन्स सोडायला लावतात. इकडे दादरला आपण विज्ञान शाखेची पटसंख्या का घटली यावर तासभर बोलतो आणि प्रयोगशाळेसाठी देणगीदार शोधायला निघतो. इलाज वेळापत्रकात आहे, फार तर आगार व्यवस्थापकाला द्यायच्या एका पत्रात. हे त्या मुलीला ठाऊक असतं, प्रयोगशाळेतल्या शिपायालाही ठाऊक असतं. म्हणून बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधीला सगळ्यात आधी बोलू दे. अध्यक्ष बोलून झाल्यावर अठरा-एकोणीस वर्षांचं पोर तोंड उघडत नाही.

दुसरी गोष्ट प्राचार्यांची. ग्रामीण भागात प्रभारी प्राचार्यांवर वर्षानुवर्षं कारभार रेटला जातो. प्रभारी माणूस मोठा निर्णय घेत नाही, आणि घेतला तरी कुणी जुमानत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत प्राचार्यांची मुदत पाच वर्षांची आहे, मूल्यमापन होऊन आणखी एकदा पाच वर्षं मिळू शकतात. पूर्णवेळ प्राचार्यांसाठी पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात खेटे घालावे लागले तरी घाल. आणि ते आल्यावर मुंबईहून थेट हेडक्लार्कला जाणारे फोन बंद कर. अमक्याला प्रवेश द्या, तमक्याची फी माफ करा, भाच्याला तासिका तत्त्वावर घ्या, असले फोन प्राचार्यांना डावलून गेले की महिन्याभरात स्टाफरूमला कळतं, खरी सत्ता कुठे आहे. बैठकीत प्राचार्यांना अडचणीचे प्रश्न जरूर विचार, हिशेब माग. बाहेर मात्र त्यांच्या पाठीशी उभी राहा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं मानधन कधी निघतं, हा त्यातला पहिला प्रश्न असू दे. तीच शिक्षक मंडळी निम्मं कॉलेज शिकवत असतात आणि पैशासाठी ताटकळतात, हे मला सहन होत नाही.

नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचं, फार टेन्शन घेऊ नकोस. कारभार आणि नेतृत्व हा त्यांचा एक निकष आहेच. वर सांगितलं ते खरोखर केलंस तर त्या फाइलीसाठी वेगळं काही रचावं लागणार नाही.

कागदपत्रांचं मात्र आत्ताच बघ. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. नियामक मंडळावरची तुझी स्वतःची निवडसुद्धा वरळीच्या धर्मादाय कार्यालयात कळवली आहे का, ते विचार. मग जमिनीचा सातबारा काढ. गावच्या भल्या माणसांनी शब्दावर जमिनी दिल्या, इमारती उठल्या, पण उताऱ्यावर संस्थेचं नाव चढलंच नाही, असं अनेक ठिकाणी झालंय. देणारा हयात असेपर्यंत अडत नाही. नातवंडांच्या वाटण्या सुरू झाल्या की मैदान कुणाचं यावरून कोर्टाची पायरी चढावी लागते. ज्या घरांनी जमिनी दिल्या त्यांच्याकडे तू स्वतः जा, वकिलाची नोटीस आधी धाडू नकोस.

पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांड: विकास समितीच्या चारही बैठका कॉलेजातच व्हाव्यात आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी तिथे जातीने हजर राहावं. विरोध होईल. गाडीभाड्याचा मुद्दा निघेल, वयाचा निघेल. आजीव सभासद म्हणून अनुमोदन मी देतो. मसुदा शनिवारपर्यंत पाठव, म्हणजे नजर टाकून परत करीन.

तुझे,
काका