सासूबाईंच्या हातातला फोन काढून घेऊ नकोस

न्यू जर्सीहून एका बडोदेकर सुनेचं चार पानी पत्र आलंय. प्रश्न पुष्कळ आहेत, पण मला त्यातला एकच दिसतोय. बाकीचे शेवटी उरकते.

ती लिहिते, "ताई, मुलाला शाळेत घालताना घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म आला. आम्ही खरं ते लिहिलं, मराठी. मग त्याची परीक्षा घेतली आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात टाकलं. मला इतकी लाज वाटली! त्या दिवसापासून घरात मराठी बंद. सासूबाई बडोद्याहून व्हिडिओवर गोष्ट सांगायला लागल्या की मी फोन काढून घेते. त्या रुसल्यात. माझं चुकतंय का?"

चुकतंय गं. आणि लाज कसली? मुलाला अजून इंग्रजी पुरेसं येत नाही, एवढंच शाळेनं सांगितलंय. त्याला मराठी जास्त येते असं कुठे म्हणाले ते?

तुला रागावायचा हक्क मला आहे, कारण हा वेडेपणा मी आधी करून बसलेय. 1998 साली माझा मुलगा तिथल्याच एका शाळेत बालवर्गात होता. त्याच्या बाईंनी प्रेमानं सुचवलं, घरी फक्त इंग्रजी बोला. मी आठ महिने इमानेइतबारे बोलले. माझं इंग्रजी ऑफिसात चालायचं, पण त्यात मुलाचे लाड करता येत नव्हते. सिट, ईट, हरी अप, डोन्ट टच. घराची छावणी झाली नुसती. पूर्वी बूट काढता काढता शाळेतली भांडणं सांगणारा पोरगा 'फाइन' म्हणून खोलीत जायला लागला.

मग सहा महिन्यांसाठी आप्पा आले, माझे सासरे. त्यांनी माझा नियम ऐकून घेतला आणि रात्री नातवाच्या उशाशी बसून माकड आणि मगरीची गोष्ट वाचायला घेतली, मराठीतच. मधेच पुस्तक मिटायचे. "काळीज झाडावर राहिलंय असं माकड का म्हणालं रे?" पोरगा विचार करायचा, चुकायचा, पुन्हा सांगायचा. महिन्याभरानं वर्गात गोष्ट सांगायची पाळी आली तेव्हा त्यानं हीच सांगितली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. शब्द अडले, पण माकड खोटं का बोललं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाचनाच्या परीक्षेत पुढे हेच तर विचारतात! पात्र असं का वागलं, त्याआधी काय झालं, आता काय होईल. ही समज एकदा मराठीत आली की इंग्रजीसाठी पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागत नाही.

जिम कमिन्स हे कॅनडातले अभ्यासक 1979 पासून हेच मांडत आले. दोन भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी खाली विचार करण्याची, वाचण्याची शक्ती सामाईक असते. मैदानावर बोलण्यापुरतं इंग्रजी मुलाला साधारण 2 वर्षांत येतं, पण पुस्तकातलं, विज्ञानाच्या धड्यातलं इंग्रजी यायला 5 ते 7 वर्षं लागतात. तुझा मुलगा त्या गटात गेल्याला चारच महिने झालेत, बाई. भांड्यातलं पाणी आटून कुठे जातं हे त्याला सासूबाईंकडून मराठीत कळलं, तर शाळेत त्याला फक्त नवा शब्द शिकायचा उरतो. स्पेलिंगला मात्र मराठीचा उपयोग नाही, ते त्याला घोकावंच लागेल.

आता बडोदेकर म्हटल्यावर महाराजांवर येणं आलंच. आमचे हे म्हणतात, तू भाजी निवडतानाही सयाजीरावांवर येतेस. येते! 1875 साली कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी बरोबरीनं शिकवलं. इंग्रजी यावं म्हणून कुणी त्याची मराठी बंद केली नाही. त्याच राजानं 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1910 मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणला. शाळेत शिकलेलं वाचन घरी पुस्तक नसेल तर विरून जातं, म्हणून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. तू तर आता बॉर्डनच्याच देशात आहेस. तुझ्या घरात मराठी पुस्तकं किती आहेत? पत्रात लिहिलं नाहीस, म्हणून विचारते.

नसतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' वेबसाइटवर फुकट गोष्टी आहेत, कितीतरी मराठीतही आणि इंग्रजीतही. रात्री मराठीतून वाच, मधे थांबून 'का रे' विचार, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून त्याला तुला सांगू दे. वाण्याकडची यादी त्याच्याकडून मराठीत लिहून घे. 'तुरडाळ'मधला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी डाळ शिजते. दिवसभर दमून येतेस, ठाऊक आहे. दहा मिनिटं पुरतात.

बाकीचं भराभर. त्या गटातून काढून घ्यायचा हक्क तुला आहे, पण पास होईपर्यंत दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा तरीही चुकत नाही, तेव्हा मिळतेय ती मदत घे. त्याचं नाव नीट म्हणत नाहीत? बाईंसमोर तीनदा म्हणून दाखव. तिथल्या मराठी मंडळाची रविवारची शाळा पन्नास मिनिटांवर असेल तर महिन्यातून दोनदा जा. नवऱ्याला गोष्ट वाचता येत नाही ही सबब मी ऐकून घेणार नाही.

सासूबाईंचा रुसवा तूच काढायचास. उद्या सकाळी साडेसातला, मुलगा दूध पीत असताना, फोन लाव. बडोद्यात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की इथे सहा वाजतील, आणि सहाला त्या देवळात जातात की काय ते आधी विचारून घे.