ख्रिस्ती शेजाऱ्यांबद्दलचे घरातले गैरसमज कसे दूर करू?

तुम्ही लिहिलंय, की सोसायटीत ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी कॅथलिक) कुटुंब आलंय, त्यांच्या गॅलरीत बिअरच्या बाटल्यांची रांग दिसली आणि सासूबाईंनी ठरवून टाकलं: ही माणसं पिणारी, यांना रीतभात नाही, उद्या पोरांना बाटवतील.

वाद घालू नका, मोठी माणसं हट्टाला पेटतात. त्या बाटल्यांपासूनच सुरुवात करा. उन्हाळ्यात अशी रांग दिसली, तर बहुतेक ती ‘बाटली मसाल्या’ची, म्हणजे बाटल्यांत भरून ठेवायच्या वर्षभराच्या मसाल्याची तयारी असते. काश्मिरी मिरची, धणे, हळद, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर असे वीसेक जिन्नस कडक उन्हात वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा आणि कुटायचा. सगळं एकत्र भाजलं तर धणे कच्चे राहतात नि खसखस करपते. गडद काचेतून उजेड कमी जातो, म्हणून मिरचीचा रंग टिकतो. बाटली आतून जराही ओली राहिली तर वर्षाचा मसाला बुरशीने जातो, म्हणून ती धुऊन उन्हात खडखडीत वाळवतात. मग मसाला ठासून भरायचा. मध्ये हवा राहिली की वास उडतो. वर्षाचा मसाला घरी करणाऱ्या कुठल्याही बाईला हे लगेच पटतं. सासूबाईंना त्यांच्याकडे घेऊन जा आणि शेजारणीशी मसाल्यावर बोलू द्या.

रीतभात म्हणाल, तर लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ असतं: विहिरीचं पाणी वाजतगाजत आणून नवरा-नवरीला आंघोळ घालतात. ही इथलीच कोळी, कुणबी, भंडारी माणसं. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव 1887 मध्ये घेतलं, बोली मराठीच.

पिण्याबद्दल खोटं बोलू नका. लग्नाकार्यात अनेक घरांत दारू असते. पण ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात कित्येक जण ती पूर्ण सोडतात, आणि साल्व्हेशन आर्मी या प्रोटेस्टंट पंथाचे सभासद (त्यांना ‘सैनिक’ म्हणतात) तर कधीच घेत नाहीत. सगळ्यांना एका मापाने मोजणं हा अन्याय आहे.

बाटवण्याची भीती सर्वांत खोल असते, तिला नेमकं उत्तर द्या. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) न झालेल्याला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, देतच नाहीत. तुम्ही मिस्सेला गेलात तर त्या प्रसादाच्या रांगेत उभं राहू नका, जागेवर बसून राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही. प्रौढ माणसाला कॅथलिक व्हायचंच असेल, तर आधी कित्येक महिने शिकवणीला बसावं लागतं.

येणंजाणं सुरू झालं की थोडं सांभाळा. उपवासकाळातल्या शुक्रवारी त्यांना मटणाचं जेवण नको. नाताळच्या केकमध्ये अंडं आणि बऱ्याचदा रममध्ये भिजवलेला सुकामेवा असतो. चालत नसेल तर आधीच सांगा, कुणी रागावत नाही. गुड फ्रायडे हा येशूच्या मरणाचा दिवस, त्या दिवशी शुभेच्छा देऊ नका. त्यानंतरच्या रविवारी, ईस्टरला द्या.