रोजच्या वहीला चामड्याचं कव्हर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वही रोज पिशवीत असते. कोपरे दुमडतात, पुठ्ठा पाठीपासून सुटतो. म्हणून ए५ मापाचं चामड्याचं कव्हर मागवलं, तर ते ढगळ निघालं. माप कसं ठरवायचं?

उत्तर: आधी वही ठरवा, मग कव्हर. एक वही संपली की पुन्हा तीच आणता ना? आणत असाल तर त्या वहीच्या मापाचं कव्हर घ्या. अजून दर वेळी वेगळी वही घेऊन बघत असाल, तर चांगलं चामडं घ्यायची घाई करू नका. कव्हर दहा वर्षं टिकेल, पण त्यात बसणारी वही मिळायला हवी.

वेष्टनावरच्या ‘ए५’ या अक्षरांवर विसंबू नका. कागदाचं ए५ म्हणजे १४८ × २१० मिमी. पण पुठ्ठ्याच्या वह्यांची मापं याला धरून असतातच असं नाही. लॉइष्टटुर्म १९१७ या ब्रँडची मधली वही १४५ मिमी रुंद असते, तर मोलस्किन या ब्रँडची ‘लार्ज’ १३० मिमी. उंची दोन्हींची २१०. त्यामुळे एकीसाठी शिवलेल्या कव्हरात दुसरी तब्बल १५ मिमी ढिली पडते आणि दर वेळी आतून घसरते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं आहे. बी६ मध्येही असाच घोळ आहे: आंतरराष्ट्रीय बी६ म्हणजे १२५ × १७६, जपानी बी६ म्हणजे १२८ × १८२. जपानी वही आंतरराष्ट्रीय मापाच्या कव्हरात जातच नाही.

म्हणून पट्टी घ्या आणि तीन मापं मोजा: उंची, रुंदी आणि जाडी. उंची-रुंदी पुठ्ठ्याची मोजायची, पानांची नाही, कारण पुठ्ठा पानांच्या बाहेर दोन-तीन मिमी असतो. जाडी मात्र भरलेल्या वहीची मोजा. लिहिलेली, चिठ्ठ्या चिकटवलेली वही कोऱ्या वहीपेक्षा फुगलेली असते आणि कव्हर मिटेनासं होतं ते वही संपत आल्यावर.

आता हिशेब. उघड्या कव्हराची आतली रुंदी = वहीची रुंदी दोनदा + जाडी + ६ ते ८ मिमी. आतली उंची = वहीची उंची + ५ ते ६ मिमी. हे शिवणीपासून शिवणीपर्यंतचं माप झालं. कडेला प्रत्येक बाजूला ४ मिमी धरा. १४५ × २१० मिमीची १५ मिमी जाड वही असेल, तर आत ३१२ × २१६ आणि बाहेरून साधारण ३२० × २२४ मिमी. रुंदीत जी ६ ते ८ मिमी जागा सोडली, ती पाठीच्या वळणासाठी. वही मिटली की जाड चामड्याला पाठीवरून वळसा घालून यावं लागतं. तेवढी जागा नसेल तर कव्हर पुठ्ठे ओढतं आणि वहीची बांधणी उसवते.

पुठ्ठा ज्यात सरकवायचा तो आतला कप्पा ५ ते ७ सेमी खोल हवा. ४ सेमीपेक्षा उथळ कप्प्यातून पुठ्ठा निसटतो. फार खोल असेल तर वही घालताना पुठ्ठा वाकवावा लागतो. वही घालायची योग्य रीत अशी: पानं एका हातात उभी धरा, दोन्ही पुठ्ठे मागे एकमेकांकडे न्या आणि दोन्ही कप्प्यांत एकदमच सरकवा. आधी एक, मग दुसरा असं करायला गेलात की शिवणीचा वरचा टाका ताणला जातो.

नवं कव्हर मिटल्यावर तोंड जरा उघडं राहिलं तर घाबरू नका. दोन रात्री जाड पुस्तकांखाली ठेवलं की बसतं. त्यानंतरही पुठ्ठे बाहेर वळलेलेच राहिले, तर मात्र ते अरुंद आहे. परत करा.

प्रश्न: सगळीकडे ‘अस्सल लेदर’ लिहिलेलं असतं. त्यातलं चांगलं कोणतं, हे हातात घेऊन कसं ओळखायचं?

उत्तर: ‘अस्सल लेदर’ या शिक्क्यावरून कातडं जनावराचं आहे एवढंच कळतं. त्याचा कोणता थर आहे, हे कळत नाही, आणि सगळा फरक तर थरातच आहे.

कातड्याचा वरचा थर सगळ्यात घट्ट. त्यात तंतू बारीक आणि दाट विणलेले असतात. तो न घासता ठेवला तर त्याला फुल ग्रेन म्हणतात. डाग-ओरखडे घालवायला तो थर घासून वर रंगाचा लेप आणि ठसा दिला, की करेक्टेड ग्रेन. वरचा थर काढून घेतल्यावर खालचा उरतो तो स्प्लिट. हा मोकळ्या तंतूंचा, म्हणून घडीवर लवकर सैल पडतो. बाँडेड म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा. आणि पीयू म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर; दमट हवेत तो थर विघटित होऊन पापुद्रे सुटतात, मग कितीही जपा. रोज शंभरदा उघडायच्या कव्हराला बाँडेड आणि पीयू दोन्ही नकोत. पाठीच्या घडीवर ते पहिल्यांदा फुटतं.

ओळखायचं असं. कव्हर उजेडात धरा आणि अंगठ्याने पृष्ठभाग थोडा पुढे ढकला. फुल ग्रेनवर अंगठ्यापुढे बारीक, वेडीवाकडी सुरकुती उठते आणि अंगठा काढला की जिरते. जाड लेप असेल तर सुरकुती उठतच नाही किंवा एकच ठळक चुणी पडते. मग छिद्रांची नक्षी बघा. ठिकठिकाणी ती बदलत असेल तर खरी. दर काही सेंटिमीटरने तीच नक्षी पुन्हा आली तर ठसा आहे. शेवटी कड बघा. कच्ची कड असेल तर आत तंतू दिसायला हवेत, मखमलीसारखे. कापडाचे धागे किंवा फेसासारखा थर दिसला, तर पुढचं काही बघायची गरज नाही. कड सगळीकडून दुमडलेली किंवा रंगाने बंद असेल, तर कप्प्याच्या आत बोट घालून चामड्याची मागची बाजू चाचपा.

दुसरा प्रश्न कातडं कसं कमावलं आहे याचा. झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिनमध्ये (बाभळीची साल, हिरडा ही त्यातलीच) कातडं कमवायला आठवडे जातात. हे व्हेज टॅन. ते ताठ असतं, धरलेला आकार सोडत नाही, उजेडाने आणि हाताच्या तेलाने गडद होत जातं. क्रोमियमच्या क्षारांत हेच काम दिवसाभरात होतं. ते क्रोम टॅन. ते मऊ, पाण्याला जास्त दाद न देणारं, आणि रंग बराच काळ तसाच राखणारं.

अस्तर नसलेल्या, एका तुकड्याच्या कव्हरासाठी आमची पसंती व्हेज टॅनला आहे. त्याला आधाराला पुठ्ठा लागत नाही, ओरखडा अंगठ्याने चोळून बराचसा जिरतो आणि कड घासून काचेसारखी करता येते. मात्र पिशवीत पाण्याची बाटली असेल, पावसात फिरणं असेल, तर तेल-मेण मुरवलेलं चामडं किंवा क्रोम टॅन घ्या. साध्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब पडला की गडद ठिपका उठतो आणि कडेला वलय राहतं. आणखी एक: ओल्या व्हेज टॅनला लोखंड लावू नका. किल्ल्या किंवा स्टेनलेस स्टीलची नसलेली कागदाची पिन चिकटून राहिली की निळा-काळा डाग पडतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घातल्यावर काळा रंग होतो, तोच हा प्रकार, आणि तो डाग जात नाही.

जाडी: अस्तराशिवाय १.६ ते २ मिमी, अस्तर असेल तर बाहेरचं चामडं १.२ ते १.४ मिमी, आतले कप्पे ०.८ ते १ मिमी. विक्रेता औंसात सांगत असेल तर एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिमी. जाड म्हणजे टिकाऊ असं धरून तीन मिमीचं घेऊ नका. वही टेबलावर सपाट उघडी राहणार नाही.

प्रश्न: गडद निळं कव्हर आवडलं आहे. हातात धरल्यावर कपड्यांना रंग लागेल का?

उत्तर: लागू शकतो, विशेषतः लेप नसलेल्या गडद चामड्याचा आणि स्वेडचा (मखमली पृष्ठभागाच्या चामड्याचा). घेण्याआधी पांढरा सुती कपडा किंचित ओला करून आतल्या कोपऱ्यावर दहा वेळा घासा. पुसट छटा आली तर पहिल्या काही आठवड्यांत कोरड्या कपड्याने रोज पुसून ती कमी होते. कपडा सरळ निळाच झाला, तर फिकट कपड्यांजवळ ते नेऊ नका. कप्प्याच्या आतली बाजूही तपासा. तिचा रंग वहीच्या पुठ्ठ्याला लागतो.

प्रश्न: पेनची कडी हवी की नको? माझं जाड फाउंटन पेन कुठल्याच कडीत जात नाही.

उत्तर: पेन रोज सोबत असेल तर हवी, पण ती कुठे आहे हे बघा. कडी पुढच्या कडेच्या बाहेर असावी. पानांच्या आणि कव्हराच्या मधे पेन आलं तर वही मिटत नाही आणि पानांवर पन्हळ उमटतं.

मापासाठी पेनच्या सगळ्यात जाड जागी कागदाची पट्टी गुंडाळा आणि खूण करा. जाडी माहीत असेल तर तिला ३.१४ ने गुणा: १३ मिमीच्या पेनचा घेर सुमारे ४१ मिमी. चामड्याच्या कडीचा आतला घेर त्याहून २ मिमी जास्त हवा. इलॅस्टिकच्या कडीचा ४ ते ५ मिमी कमी. चामड्याची कडी थोडी घट्ट असेल तर तेवढाच भाग ओलसर करून, पेनवर प्लास्टिक गुंडाळून रात्रभर आत ठेवा. व्हेज टॅन एक-दोन मिमी सैल होतं. क्रोम टॅन फारसं सरकत नाही.

प्रश्न: शिवण हाताची बरी की मशीनची? आणि बंद करायला बटण, चुंबक, इलॅस्टिक यांतलं काय?

उत्तर: हाताच्या शिवणीत एकच दोरा, दोन सुया, आणि प्रत्येक छिद्रातून दोन्हीकडून दोरा जातो. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की ओळ उसवत जायची शक्यता जास्त. तरी वाईट हातशिलाईपेक्षा चांगली मशीनशिलाई कधीही बरी. टाके ३ ते ४ मिमीचे, कडेपासून ३ ते ४ मिमी आत, दोरा पॉलिएस्टरचा. टाके फार जवळ असले तर छिद्रांची ओळ टपाल तिकिटासारखी फाटते. सगळ्यात जास्त ताण कप्प्याच्या तोंडाशी येतो; तिथे दोन-तीन उलटे टाके घातलेत का, एवढं बघितलंत तरी शिवणाऱ्याचं काम कळतं.

बंद करायला इलॅस्टिक उत्तम, कारण वही फुगली तरी ते जुळवून घेतं आणि सैल झालं की बदलता येतं. बटणाची जागा ठरलेली असते. फुगलेल्या वहीवर ते लागत नाही, आणि लिहिताना हाताखाली टोचतं. चुंबक असलेल्या कव्हरात काळ्या पट्टीची कार्डं ठेवू नका, हॉटेलच्या खोलीचं कार्ड तर नाहीच. चिपला मात्र चुंबकाने काही होत नाही.

प्रश्न: कव्हर भिजलं, वाळवलं, आणि आता त्यावर पांढरी भुकटी दिसते. तेल लावू का?

उत्तर: आधी ती भुकटी काय आहे ते बघा. बोट अर्धा मिनिट दाबून ऊब द्या. वितळून दिसेनाशी झाली तर ती आतलं मेण-चरबी वर आल्याची. कपड्याने चोळा, काम झालं. तशीच राहिली, कुबट वास असेल, तर बुरशी. वही बाहेर काढा, मोकळ्या हवेत कोरड्या ब्रशने झाडा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन, आतल्या कोपऱ्यावर रंग उतरत नाही ना हे पाहून, कपड्याने हलकं पुसा आणि सावलीत वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका.

पुन्हा भिजलं तर टिपून घ्या, आत कोरा कागद भरून आकार धरा आणि पंख्याच्या वाऱ्यावर एक-दोन दिवस राहू द्या. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर नको. ओलं चामडं तापलं की आकसतं, कडक होतं, आणि ते परत येत नाही. एकाच जागी ठिपका पडला असेल तर ओल्या कपड्याने सगळी बाजू सारखी ओलसर करून वाळू द्या. वलय बरंचसं मिसळून जातं.

पूर्ण वाळल्यावर चामड्याचं क्रीम, वाटाण्याएवढं, ए५ कव्हराच्या बाहेरच्या पूर्ण बाजूला पुरतं. वर्षातून दोनदा पुरे. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल लावू नका: काही तेलं चिकट होतात, काही खवट, आणि जास्तीचं तेल कव्हरातून वहीच्या पुठ्ठ्यात उतरतं.

प्रश्न: वही इलॅस्टिकमध्ये अडकवायच्या प्रकारचं कव्हर आहे. इलॅस्टिक सैल झालं. घरी बदलता येईल?

उत्तर: येतं, दहा मिनिटांचं काम. २ मिमी जाडीचं गोल इलॅस्टिक घ्या. पाठीवर वर दोन, खाली दोन छिद्रं असतील. ट्रॅव्हलर्स नोटबुकच्या (याच प्रकारचं एक जपानी कव्हर) २१० मिमी उंच वहीच्या मापाला ६० सेमी तुकडा पुरतो. जुनं कापण्याआधी त्याचा फोटो काढा. नव्याच्या टोकाला चिकटपट्टी घट्ट गुंडाळून सुईसारखं करा. बाहेरून वरच्या डाव्या छिद्रात घाला, आतून खाली आणा, खालच्या डाव्यातून बाहेर काढा, शेजारच्या उजव्यातून आत, आतून वर, आणि वरच्या उजव्यातून बाहेर. आता दोन्ही टोकं बाहेर, वरच्या छिद्रांपाशी येतात. आतले दोन्ही पदर सरळ राहतील, पण कव्हर धनुष्यासारखं वाकणार नाही, एवढंच ताणून दुहेरी गाठ मारा. गाठ बाहेरच राहू द्या; आत घेतलीत तर वहीच्या घडीवर खड्डा पडतो. उरलेलं टोक गाठीपासून ५ मिमी सोडून कापा.