झोप लागायच्या ऐन आधी सुचलेलं सकाळी कुठं जातं? ते पकडता येतं का?

तुम्ही कथा लिहिता. अंथरुणावर पडल्यावर, झोप लागायच्या जरा आधी, तुमची पात्रं आपापसांत बोलायला लागतात, कधी न पाहिलेले वाडे आणि चेहरे दिसतात, दिवसभर अडलेला प्रसंग सुटतो आणि सकाळी त्यातलं काहीही हाताला लागत नाही. हे सगळ्यांना होतं का, पकडता येतं का आणि उशाशी वही ठेवावी की मोबाईल, असं तुम्ही विचारलंय.

होतं, पुष्कळांना होतं. पकडताही येतं, पण माझा अनुभव सांगते, रात्री त्याच्या मागं लागू नका. दुपारी लागा.

मी सोलापूरची. चादरी आणि टॉवेलची डिझाईन काढणं हे माझं काम. सुरुवातीला ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढायचे, मग त्यावरून पंचकार्ड, म्हणजे कुठला धागा उचलायचा ते मागाला सांगणारी भोकांची कार्डं, मारली जायची. आता कॉम्प्युटरवर काढते. लहानपण पूर्व भागात गेलं. गल्लीत निम्म्या घरांत तेलुगू बोललं जायचं, आणि दोन घरं सोडून यंत्रमागाचं शेड होतं. रात्रपाळीचे माग चालू असायचे. पडल्या पडल्या तो खट्‌-खट्‌ आवाज हळूहळू शब्द व्हायला लागायचा. कधी कुणी माझं नाव घेऊन हाक मारतंय असं वाटायचं, कधी एखादं वाक्यच्या वाक्य, अर्थ नसलेलं पण तालात. वीज गेली की माग एकदम थांबायचे आणि त्या शांततेनंच आख्खी गल्ली जागी व्हायची. तेव्हा मी चटकन उठून बसायचे आणि ते शब्द आठवायचे. म्हणजे पकडण्याची युक्ती मला वीजकपातीनं शिकवली. ऐन वेळी कुणी तरी जागं करायला हवं.

या अवस्थेला आपल्याकडं नेमका शब्दप्रयोग आहे: डोळा लागणे. झोपणे वेगळं, डोळा लागणे वेगळं. आल्फ्रेड मोरी नावाच्या फ्रेंच विद्वानानं १८४८ मध्ये या वेळच्या भासांना हिप्नॅगॉजिक हे नाव दिलं. काश्मीरच्या शैव परंपरेत तर त्याच्या कितीतरी शतकं आधी, बाहेरचं जग मावळलंय पण झोप अजून आलेली नाही, नेमक्या त्या सांध्यावर ध्यान करायला सांगितलंय. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं. आपल्याला जे दिसतं ते कुणी तरी इतक्या आधी, इतकं गांभीर्यानं घेतलं होतं.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. डोळे मिटून शांत पडलं की मेंदूत सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांच्या अल्फा लहरी असतात. डोळा लागायला लागला की त्या विरतात आणि त्यांच्या जागी संथ थीटा लहरी येतात. पापण्यांखाली बुबुळं सावकाश इकडून तिकडं फिरतात. कधी पायरी चुकल्यासारखं अंग दचकतं. झोपेची ही पहिली पायरी, जेमतेम काही मिनिटांची. बाहेरच्या संवेदना मेंदूच्या वरच्या थराकडं पोचवणारा जो भाग, थॅलॅमस, तो आधी मंदावतो. वरचा थर त्याच्या काही मिनिटं मागून निजतो. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसवलेल्या तारांवरून २०१० मध्ये हे मोजलं गेलं. माझ्या भाषेत सांगायचं तर घराचं दार लावून झालेलं असतं, पण आत दिवा चालूच असतो. बाहेरून काही येईना, तेव्हा आतलेच धागे घेऊन विणकाम सुरू होतं.

आणि विसरायला होतं कारण त्याच सुमाराला मेंदू नवीन नोंद ठेवणं सोडून देतो. १९९४ मधल्या एका अभ्यासात लोकांना झोप लागेपर्यंत शब्द ऐकवत ठेवले होते. डोळा लागल्यावर लगेच उठवलं तर शेवटचे शब्द बऱ्यापैकी आठवायचे. दहा मिनिटं झोपू दिलं, तर झोपेच्या आधीच्या शेवटच्या काही मिनिटांतले शब्द पुसून गेलेले. म्हणून ‘सकाळी लिहून काढू’ हा विचारच सोडा. सकाळपर्यंत ते टिकत नाही. तुमची स्मरणशक्ती कमी आहे असं अजिबात नाही.

आता दुपारचं. सोलापूरचा एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. पारा ४३-४४ वर जातो, रस्ते ओस पडतात, दुकानांची शटरं खाली येतात. कडक भाकरी, शेंगाचटणी, ताक पोटात गेलं की वामकुक्षी ठरलेली. मी शहाबादी फरशीवर चटई टाकून पडते आणि उजव्या हातात कांडी धरते. कांडी म्हणजे आडव्या धाग्याची छोटी नळी, मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती. हात चटईच्या बाहेर ठेवते. डोळा लागला की मूठ सैलावते, कांडी फरशीवर पडते, टक्‌ असा आवाज होतो आणि मी जागी. त्या क्षणी डोळ्यांपुढं जे असेल ते, न हलता, न वळता, आधी एकदा मनात म्हणून घेते आणि मग कागदावर उतरवते.

युक्ती माझी नाही. एडिसन हातात धातूचे गोळे धरून खुर्चीत डुलकी घ्यायचा असं सांगतात. चित्रकार साल्व्हादोर दाली बोटांत जड किल्ली धरायचा, खाली ताट पालथं घालून. किल्ली ताटावर आदळली की डुलकी संपली. मी हे ऐकलं तेव्हा घरात कांड्या होत्याच.

हे नुसतं कलावंतांचं खूळ आहे का, याचा पॅरिसमध्ये नीट तपास झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १०३ लोक होते. त्यांना आकड्यांची कंटाळवाणी गणितं दिली होती. ती झटक्यात सोडवायचा एक नियम आत लपलेला होता, पण तो कुणाला सांगितला नव्हता. मध्ये २० मिनिटं अंधाऱ्या खोलीत, हातात वस्तू धरून विश्रांती. मग पुन्हा गणितं. जे पूर्ण जागेच राहिले त्यांच्यातल्या ३० टक्के लोकांना नियम सापडला. ज्यांनी झोपेच्या पहिल्या पायरीत निदान १५ सेकंद काढली त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना सापडला. आणि जे त्याहून खोल, दुसऱ्या पायरीत उतरले, त्यांच्यात फक्त १४ टक्के. एवढ्या मोठ्या फरकापेक्षा मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: नियम जागं झाल्या झाल्या सापडला नव्हता. पुढं बरीच गणितं करून झाल्यावर सापडला. म्हणजे त्या १५ सेकंदांनी उत्तर दिलं नाही, मन मोकळं केलं. उत्तर कामातच आलं.

माझंही असंच झालंय. काही वर्षांपूर्वी एका चादरीची किनार काढत होते, मोरांची ओळ. चारही बाजूंनी मोर चालत येतात आणि कोपऱ्यात त्यांची भेट व्हायला हवी. सरळ काठावर रिपीट, म्हणजे तीच नक्षी पुन्हा पुन्हा येणं, नीट बसत होता, पण कोपऱ्यात एकाचा पिसारा दुसऱ्याच्या मानेवर चढायचा. मोर लहान केला तर रिपीट फसायचा, काढूनच टाकला तर कोपरा बोडका दिसायचा. आठवडाभर तेच चाललं होतं. एका दुपारी कांडी पडली तेव्हा डोळ्यांपुढं सिद्धेश्वर तलाव होता. देऊळ पाण्यात उलटं, आणि ते उलटं देऊळच खरं, वरचं पुसट. दुसरं काही नाही. मोर नाही, चादर नाही. मी तलाव आणि देऊळ काढून ठेवलं. त्या वेळी त्याचा काही अर्थ लागला नाही.

तिसऱ्या दिवशी तयार झालेली एक जुनी चादर घडी घालताना हात थांबला. तुमच्या घरी सोलापुरी चादर असेल तर उलटून बघा: इकडं जे लाल त्यावर पांढरं, ते तिकडं पांढऱ्यावर लाल. दोन थर एकत्र विणलेले असतात आणि नक्षी जिथं असेल तिथं ते आपसांत जागा बदलतात. मग कोपऱ्यात मोर कापायचा कशाला? तिथं थरच उलटे करायचे. एक मोर लाल, त्याच्यावर चढणारा दुसरा त्याचीच पांढरी सावली. जिथं एकमेकांवर येतात तिथं रंग पालटतो आणि दोघंही पुरे दिसतात. पाण्यातलं देऊळ तेच तर सांगत होतं. त्या संध्याकाळी कोपरा बसला. मला रडू आलं होतं, खरं सांगते.

पण आठवडाभर त्या कोपऱ्याशी झुंजले नसते तर तलाव तलावच राहिला असता. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथं दिसतं. त्या मिनिटांत मन जे विणतं त्याचं सूत दिवसाचंच असतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर फिरून आलं की रात्री डोळे मिटताच ते उंच सात ध्वज डुलायला लागतात आणि कानात ‘बोला हर्र’ घुमतं. सोलापुरात हे कुणालाही विचारा. हार्वर्डच्या संशोधकांनी २००० मध्ये हेच टेट्रिस नावाच्या खेळावर तपासलं. खेळ खेळलेल्या बऱ्याच जणांना झोप लागताना वरून पडणारे ठोकळे दिसले. आणि ज्यांची नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्तीच गेली होती अशा पाच रुग्णांपैकी तिघांनाही दिसले. आपण खेळ खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं, ठोकळे मात्र दिसत होते. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ गप्प बसून राहिले होते.

त्यामुळं काय दिसावं हे थोडंफार आपल्या हातात आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या लोकांनी, डोळा लागतोय हे हातावरच्या एका यंत्रानं ओळखून, ‘झाडाचा विचार करा’ असं कानात सांगून पाहिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४९ जण होते. झाडाची सूचना ऐकून डुलकी घेतलेल्यांनी नंतर झाडावर लिहिलेल्या गोष्टी आणि केलेल्या इतर चाचण्या, सूचना न ऐकता डुलकी घेतलेल्यांपेक्षा ४३ टक्के अधिक कल्पक ठरल्या. तुम्हाला यंत्र लागणार नाही. पडण्यापूर्वी अडलेल्या प्रसंगाचं शेवटचं पान एकदा वाचा, हळू आवाजात. ‘ती परत का जात नाही?’ असा एकच प्रश्न मनाशी धरा आणि सोडून द्या. उत्तर शोधत पडलात तर डोळाच लागणार नाही.

एक सांगायला हवं. माझ्या वहीत अशी पानं पुष्कळ आहेत आणि त्यातली बहुतेक कधीच कामाला आली नाहीत. त्या क्षणी सगळंच अद्‌भुत वाटतं, कारण पारखणारा डोळाही तेव्हा अर्धा मिटलेला असतो. म्हणून उतरवून घेताना पारखू नका आणि पारखताना दया दाखवू नका. दोन्हींत निदान एक रात्र जाऊ द्या. ‘अर्ध्या झोपेतलं म्हणजे अस्सल’ असं मानणारे लोक मला भेटलेत. मला ते पटत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८९० मध्ये सांगितलं होतं की शेकोटीपुढं डुलकी लागली असताना स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप दिसला आणि त्यावरून बेंझिन या रसायनाच्या रेणूची कड्यासारखी रचना सुचली. पण ते कित्येक वर्षं कार्बनच्या साखळ्या मांडत बसले होते. दुसऱ्या कुणाला तो साप दिसला असता तर तो नुसता घाबरला असता.

रात्रीची झोप यासाठी मोडू नका. मी एका वर्षी तसं केलं. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, कधी कधी मध्यरात्री, आणि नळाच्या आवाजाची वाट बघत अर्धवट पडून राहावं लागतं. तेव्हाही चित्रं येतात, म्हणून मी रोजच मुद्दाम गजर लावून उठायला लागले. महिनाभरात दिवसाचं काम बिघडलं, रंग चुकायला लागले. बंद केलं. आणखी एक: दिवसा झोप अनावर होत असेल, डोळा लागताना अंग लुळं पडून हलताच येत नसेल, भास घाबरवणारे आणि रोजचे असतील, तर तो कल्पनाशक्तीचा विषय नाही, डॉक्टरांना दाखवा.

राहिला वही की मोबाईल हा प्रश्न. वही. मोबाईलचा उजेड डोळ्यांवर पडला की चित्र गेलं, आणि खाली चार निरोप दिसले की पात्रांचं बोलणंही गेलं. लिहायचं नसेल तर बटणाचा छोटा रेकॉर्डर चालतो, तुम्ही कथा लिहिता म्हणून तो तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. वही घेतलीत तर बिनरेघांची आणि पेन्सिल जाड घ्या. दुपार असली तरी पडदे लावलेलेच राहू द्या, डोळे पूर्ण उघडू नका, अक्षर मोठं काढा, एका पानावर दोन-तीन ओळींहून जास्त नको. ओळी एकमेकींवर चढतात, पण मागाहून वाचता येतात.