मत नको, वाक्य आण

चि. पोरीस आशीर्वाद.

परवा औशाहून आलीस, पुढ्यातला चहा गार केलास आणि उठता उठता म्हणालीस, "सर, कॉलेजात शिकवलेलं इथं चालत नाही." मी गप्प बसलो. बोललो असतो तर रागावलो असतो. आता लिहितो, म्हणजे थोडं रागावताही येईल.

तुमच्या काट्यावरचे काका, वीस वर्षं मोंढ्यात मापाडी. अनुभवी माणूस, म्हणून तू सगळं त्यांच्यावर सोपवलंस. त्यांनी सोयाबीन दाताखाली धरलं, "वाळलंय" म्हणाले, बारदाना भरला. खरेदी केंद्राच्या मीटरवर ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला आणि गाडी माघारी आली. आता संचालक म्हणतात कडक हो, आणि तू मला विचारतेस, कडक होऊ की विश्वास टाकू?

अगं, त्या सकाळी तू त्यांना नेमकं काय म्हणालीस? "मी जबाबदारी दिली" हे तुझं मत झालं. वाक्य कुठाय?

हा प्रश्न माझा नाही. 1996 साली वाळूजच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. लेथवर अठरा वर्षं काढलेल्या मामांना मी नवीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशीन दिली आणि पाठ फिरवली. सिनियर माणसाला काय शिकवायचं! रात्रपाळीत ढीगभर माल रिजेक्ट झाला. सकाळी सगळ्यांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो. ते एवढंच म्हणाले, "करायलो की साहेब." महिनाभरात नोकरी सोडून गावी गेले. आमच्याकडे महिन्यातून एकदा एक म्हातारे प्रशिक्षक यायचे. त्यांना मी अर्धा तास मामांचा स्वभाव सांगितला. त्यांनी तीनदा एकच विचारलं, "मशीन देताना तुम्ही काय म्हणालात?" तिसऱ्यांदा आठवलं: "मामा, तुम्हीच बघा आता." या चार शब्दांनंतर त्या माणसानं "मला येत नाही" म्हणायचं तरी कसं?

हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये मांडलेला नेतृत्वाचा सिद्धांत तुझ्या वहीत आहे, मी पाहिला. सांगणं, पटवणं, सहभागी करणं, सोपवणं; समोरच्याची तयारी बघून यातलं एक निवडायचं. चौकट सुबक काढलीस. पण ती तयारी आख्ख्या माणसाची नसते, त्या एका कामापुरती असते. लेथवरचे मामा सीएनसीवर नवशिके होते. मापात पक्के असलेले काका मीटरपुढे नवशिके आहेत. सिद्धांत चालत नाही असं नाही, तू तो माणसाला चिकटवलास आणि कामाला लावायचा राहिला. हे मलाही परीक्षेत लिहिता आलं असतं. माझ्याच तोंडचं वाक्य कुणीतरी माझ्यापुढे धरेपर्यंत दिसलं मात्र नाही. कामावरच्या माणसाला घडवायचं कोचिंग म्हणजे माझ्या लेखी तेवढंच. ज्याला त्यात उपदेश हवा त्यानं कीर्तनाला जावं.

व्हिटमोर यांनी 1992 मध्ये ग्रो नावाची कोचिंगची पद्धत लोकांपुढे आणली: ध्येय, वास्तव, पर्याय, निर्धार. सगळे ध्येयावरून थेट पर्यायावर उडी मारतात, तूही मारलीस. वास्तवाच्या घरात बसवत नाही, कारण तिथं आपलीच वाक्यं पडलेली असतात.

तू म्हणशील, सर तुम्ही स्वतः कुठं मऊ बोलता? नाही बोलत. माझ्या हाताखालची पोरं अजून माझ्या आवाजाची नक्कल करतात. पण मामांनंतर नवीन काम देताना "येतंय का?" असं मी कुणाला विचारलं नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. "करून दाखवा, मी शेजारी उभा आहे," म्हणालो. कडक म्हणा हवं तर. मामांच्या गावी जाऊन माफी मागायचं मात्र राहिलं. लातूरहून दीड तासाचा रस्ता होता, आणि मला सुट्टी मिळत होती.

तर उद्या मीटर घेऊन काकांच्या शेजारी उभी राहा. पहिली पाच पोती दोघं मिळून तपासा, सहाव्याला मीटर त्यांच्या हातात दे. हमाल बघत नसतील अशी वेळ धर. संध्याकाळी वहीत दोन ओळी लिही: तू काय म्हणालीस, ते काय म्हणाले. "काका नाराज वाटले" असलं काही लिहिलंस तर पान फाडीन.

येळवशीला, वेळ अमावास्येला, आमच्या रानात ये. आंबील, भज्जी आहेच. वही आण, आणि जमलं तर काकांनाही.

तुझा,
सर