भंजनाचा प्रयोग पहिल्यांदा करताय? मग हे वाचा

भंजन (क्रॅकिंग) म्हणजे उष्णतेने मोठ्या हायड्रोकार्बन रेणूंचे लहान रेणू करणं. वर्गात दाखवण्याआधी हा प्रयोग एकदा एकट्याने करून बघा. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चालतं. उष्णतारोधक परीक्षानळीच्या तळाशी खनिज लोकर ठेवून ती त्यात भिजवा, नळी आडवी लावा आणि मधोमध चिनी मातीच्या भांड्याचे तुकडे टाका.

नवीन माणूस हमखास लोकरच तापवत बसतो. मग पॅराफिनची नुसती वाफ होते, ती पुढे जाऊन थंड होते आणि भंजन होतच नाही. आधी तुकडे चांगले तापू द्या, ज्योत मुख्यतः तिथेच ठेवा. लोकरीला अधूनमधून जेमतेम चटका द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वायुवाहक नळीचं (परीक्षानळीतला वायू पाण्याखाली गोळा करायला नेणाऱ्या नळीचं) तोंड पाण्यात असताना बर्नर बाजूला करू नका, क्षणभरही नाही. आतला वायू आकसतो, पाणी वर ओढलं जातं आणि तापलेल्या काचेवर पडलं की नळी फुटते. माझ्यासमोर एकदा फुटली आहे, तो आवाज अजून कानात आहे. आधी स्टँड उचलून नळी पाण्याबाहेर काढा, मगच ज्योत हटवा. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्याच हवा.

वायू गोळा केलेल्या पहिल्या नळीत बहुतेक हवाच असते, ती टाकून द्या. पुढच्या नळीत ब्रोमीनचं सौम्य पाणी घालून बूच लावून हलवा: नारिंगी रंग जातो. शेजारी पॅराफिनमध्येही तेच पाणी घालून दाखवा, तिथे ब्रोमीनचा रंग टिकतो. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर डेकेनपासून (पॅराफिनसारखा संतृप्त हायड्रोकार्बन) ऑक्टेन (तसाच, पण लहान) आणि इथीन (दुहेरी बंध असलेला, ब्रोमीनचा रंग घालवणारा) का लिहायचं, हे मुलांना पटतं.